किशोरवयीन मुलांना जुनं मराठी नाटक कसं भेटवावं : आठ बैठकांची आखणी

चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाच्या हातात ‘एकच प्याला’चं पुस्तक ठेवून ‘वाच, फार मोठं नाटक आहे’ म्हटलं, तर पाच-सहा पानांत पुस्तक मिटतं. दोष मुलाचा नाही आणि गडकऱ्यांचाही नाही. संहिता ही बोलण्यासाठी लिहिलेली वस्तू आहे. बसून मुक्यानं वाचायला ती अवघडच जाते, मोठ्यांनाही जाते. म्हणून या आखणीत पूर्ण नाटक वाचायला देणं सगळ्यात शेवटी येतं. सुरुवात होते एका प्रवेशानं, तोही तोंडानं म्हणून आणि पायांवर उभं राहून.

ही आखणी १३ ते १८ वयाच्या ८ ते १४ मुलांच्या गटासाठी आहे. आठवड्याला एक बैठक, ९० मिनिटांची, अशा आठ बैठका. शाळा, वाचनालय, सोसायटीचा हॉल, काहीही चालेल. फक्त खुर्च्या हलवता आल्या पाहिजेत. मुलांची संख्या १६ च्या वर गेली तर दोन गट करा. मोठ्या गटात चार जण बोलतात आणि बाकीचे प्रेक्षक होऊन बसतात. घरी एकाच मुलाबरोबर करायचं असेल तर दोन पात्रांचे प्रवेश निवडा आणि दुसरं पात्र तुम्ही घ्या, पण तेही उभं राहूनच.

नाटक निवडताना

‘अभिजात’ हा शब्द मुलांसमोर शक्यतो काढू नका. तो ऐकला की ती सावरून बसतात. निवडीची कसोटी साधी ठेवा : प्रवेशात दोन माणसांना एकाच वेळी दोन उलट गोष्टी हव्या आहेत का? आणि हे पहिल्या दोन मिनिटांत कळतं का? कळत असेल तर भाषा शंभर वर्षं जुनी असली तरी अडत नाही.

तेरा-चौदा वयाला विनोदापासून सुरू करावं. देवलांचं ‘संगीत संशयकल्लोळ’ यासाठी जवळजवळ बिनतोड आहे. १९१६ साली ते संगीत रूपात रंगभूमीवर आलं. आधीच्या गद्य रूपाचं नाव होतं ‘फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा’. मूळ कल्पना मोलियरच्या १६६० च्या प्रहसनातली, ती इंग्रजीच्या वाटेनं देवलांपर्यंत पोचली. पात्रांची नावं महिन्यांवरून आणि नक्षत्रांवरून बेतलेली आहेत : फाल्गुनराव, अश्विनशेठ, कृत्तिका, रेवती, भादव्या. मुलांना हे सांगू नका, शोधू द्या. कुणीतरी पाचव्या मिनिटाला ओरडतंच.

याच वयासाठी दुसरा उत्तम तुकडा म्हणजे शूद्रकाच्या ‘मृच्छकटिका’तल्या तिसऱ्या अंकातली चोरी. याचंही मराठी संगीत नाटक देवलांनीच केलं. शर्विलक चारुदत्ताच्या घराला भोक पाडायला येतो आणि आधी विचार करत बसतो, की भोकाचा आकार कोणता ठेवावा : उमललेलं कमळ, सूर्य, चंद्रकोर, स्वस्तिक की पूर्णकुंभ? मापायची दोरी विसरलेला असतो, मग गळ्यातल्या जानव्यानं माप घेतो. आत झोपलेला विदूषक मैत्रेय झोपेत बरळत दागिन्यांचा डबा स्वतःच त्याच्या हाती देतो. दीड हजार वर्षांच्या आसपास जुन्या नाटकात चोर आपल्या कलेबद्दल इतका चोखंदळ असू शकतो, हे कळल्यावर ‘संस्कृत नाटक’ या शब्दाचं ओझं निम्मं उतरतं.

चौदा-पंधराला ‘संगीत शारदा’ (१८९९) आणि आचार्य अत्रे यांचं ‘तो मी नव्हेच’ (१९६२). नावं आणि वेश बदलून बायकांना फसवणारा लखोबा लोखंडे आज फेक प्रोफाइल काढून बसला असता, हे मुलांना कुणी सांगावं लागत नाही. सोळाच्या पुढे ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ (१९६७), ‘नटसम्राट’ (१९७०), ‘एकच प्याला’ (१९१९). ‘घाशीराम कोतवाल’ (१९७२) सतरा-अठराच्या आत घेऊ नये. त्यातलं लैंगिक शोषण समजून घ्यायला जेवढी चर्चा लागते, तेवढी लहान गटात होत नाही. मग उरतो फक्त ठेका आणि हशा.

संहितेची पानं तयार करणं

याला एक संध्याकाळ द्या. बैठक बिघडते ती बहुतेक वेळा इथेच.

एका बैठकीला एकच प्रवेश, मोठ्यानं वाचायला १० ते १२ मिनिटांचा, म्हणजे सुमारे १२०० ते १४०० शब्द. त्याहून लांब असेल तर कापा. कापताना अख्खं वाक्य किंवा अख्खा संवाद उडवा. वाक्याच्या आतले शब्द बदलून ‘सोपं मराठी’ करू नका. देवल किंवा गडकरी यांच्या वाक्यात जोर कुठल्या शब्दावर पडतो हे त्यांनी कानानं ठरवलेलं आहे. एक शब्द बदलला की वाक्य लंगडतं, मुलाला म्हणताना अडखळायला होतं, आणि खापर मात्र जुन्या भाषेवर फुटतं.

अडणारे शब्द समासात द्या, एका प्रवेशात जास्तीत जास्त आठ. ‘पाऊणशे’ म्हणजे ७५, हे आजच्या मुलांना खरोखर माहीत नसतं. ‘तसबीर’ (फोटो), ‘मुनसफ’ (न्यायाधीश), ‘सनद’ (वकिलीचा परवाना) हेही द्या. बाकीचे शब्द प्रसंगातून कळू द्या.

रंगसूचनांपैकी ‘येतो’, ‘जातो’, ‘पत्र उचलते’ अशा कृती ठेवा. ‘रागाने’, ‘खिन्नपणे’, ‘उपरोधाने’ हे सगळं खोडून टाका. कंसात ‘रागाने’ दिसलं की मूल ओरडतं आणि विचार करायचं थांबतं. ते पात्र चिडलंय का, आणि चिडलंय तर ते दाखवतंय की गिळतंय, हे त्यानं शोधायचं आहे.

छपाई १४ च्या अक्षरात, ओळींत दीडपट अंतर, कागदाच्या एकाच बाजूला. उजवीकडे चार बोटं समास मोकळा. प्रत्येकाला स्वतःची प्रत आणि पेन्सिल. दोघांत एक प्रत दिली की एकाची मान सतत वाकडी राहते आणि दुसऱ्याला उभं राहता येत नाही. मोबाईलवर पीडीएफ तर अजिबात नको, त्यावर श्वासाच्या रेघा मारता येत नाहीत.

पहिली बैठक : तसबीर

नाटककाराचं चरित्र, संगीत रंगभूमीचा सुवर्णकाळ, काहीही सांगू नका. पंधरा मिनिटं एक खेळ घ्या. चौघांना बाहेर पाठवा. आतल्यांना प्रसंग द्या : एका मुलीला रस्त्यात चक्कर येते, अनोळखी गृहस्थ तिला सावरतो, त्या गृहस्थाची बायको खिडकीतून हे पाहते. मुलीच्या हातातला एका तरुणाचा फोटो खाली पडतो आणि तो बायकोच्या हाती लागतो. ती फोटो निरखून पाहत असताना नवरा मागून येतो. आता बाहेरच्यांना एकेक करून बोलवा. प्रत्येकाला या घटनेचा एकच क्षण स्तब्ध चित्रासारखा दाखवा आणि विचारा, ‘काय चाललंय?’ चौघं चार गोष्टी सांगतील आणि चौघंही ठामपणे सांगतील.

मग पानं वाटा. देवलांनी नेमकं हेच केलंय हे पहिल्या पानावरच कळतं. फाल्गुनराव कृत्तिकेवर संशय घेतो, कृत्तिका त्याच्यावर, आणि दोघांकडेही ‘पुरावा’ आहे.

वाचन तीनदा. पहिल्यांदा गोलात बसून, प्रत्येकानं एकेक संवाद, पात्र कुणाचंही असो. चुका दुरुस्त करू नका. दुसऱ्यांदा पात्रं वाटून, उभं राहून. तिसऱ्यांदा पान खाली : ओळ नजरेनं उचलायची, मान वर करायची, समोरच्याकडे बघून बोलायची, मग पुन्हा पान. हे सावकाश होतं, मधे शांतता पडते, आणि त्या शांततेतच मुलं पहिल्यांदा एकमेकांचं ऐकतात. तिसरं वाचन घाईनं उरकलंत तर बैठक झाली नाही असं समजा.

फोटोचा आणि स्क्रीनशॉटचा संबंध तुम्ही काढू नका. शेवटची दहा मिनिटं फक्त एक प्रश्न : ‘यातलं कोण खोटं बोलतंय?’ उत्तर आहे, जवळजवळ कुणीच नाही. ग्रुपवर फिरलेल्या एखाद्या फोटोचा विषय मुलंच काढतात. नाही काढला तरी बिघडत नाही.

दुसरी बैठक : वाक्यामागचं क्रियापद

शाळेत वक्तृत्व स्पर्धा केलेली मुलं एका सुरात म्हणतात : वाक्याच्या शेवटी आवाज चढतो, हात बाहेर जातो. ‘नैसर्गिक बोला’ म्हणून हे सुटत नाही. सुटतं ते क्रियापदानं. प्रत्येक संवादाच्या समासात मुलानं पेन्सिलीनं लिहायचं, की हे वाक्य समोरच्याला काय *करतंय* : टोचतंय, चाचपतंय, लाच देतंय, दार बंद करतंय, वेळ काढतंय. ‘दुःखी आहे’ चालत नाही, कारण दुःखी असणं कुणावर करता येत नाही. ‘दया मागतंय’ चालतं.

लांब वाक्यांसाठी दुसरी युक्ती. गडकऱ्यांचं एखादं वाक्य पाच-सहा ओळी चालतं, उपमेवर उपमा चढते. मुलांना सांगा, आधी मुख्य क्रियापद शोधून त्याभोवती चौकट काढा. मग श्वास जिथं लागतो तिथं उभी रेघ. एका दमात सात-आठ शब्द, त्याहून जास्त नाही. शेवटी वाक्य उलटीकडून बांधा : शेवटचा तुकडा म्हणा, मग त्याच्या आधीचा जोडून, मग त्याच्याही आधीचा. वाक्य कुठं पोचायचंय हे तोंडाला आधी ठाऊक झालं की ते वाटेत कोसळत नाही.

तिसरी आणि चौथी : ‘शारदा’, आणि एका शब्दावरची वीस मिनिटं

भुजंगनाथ हा श्रीमंत म्हातारा, त्याचं लग्न जुळवणारा भद्रेश्वर दीक्षित, आणि पैशासाठी आपली मुलगी शारदा त्याला द्यायला निघालेला कांचनभट. तिसऱ्या बैठकीत या पुरुषांच्या बोलण्यातलाच एखादा प्रवेश घ्या, ज्यात शारदा रंगमंचावर नाही. मुलं हसतील, कारण तो लिहिलाच आहे हसण्यासाठी. हसू द्या.

चौथ्या बैठकीत नवऱ्या मुलाच्या वयाची टर उडवणाऱ्या प्रसिद्ध पदाची पहिली ओळ घ्या : ‘म्हातारा इतुका न अवघे पाऊणशे वयमान’. चाल बाजूला ठेवा, ओळ नुसती बोला. तीन मुलांनी ती तीन माणसांची म्हणून बोलायची. पहिला, मध्यस्थ : सौदा पटवताना, मुलीच्या बापाला. दुसरी, मैत्रीण : चिडवताना. तिसरी, शारदा स्वतः, एकटी असताना. शब्द तेच. लक्ष ठेवा ‘अवघे’ या शब्दावर. मध्यस्थ तो हलका करून सरकवतो, जणू ७५ म्हणजे काहीच नाही. मैत्रीण तो लांबवते, त्यात हसू असतं. तिसऱ्या वेळी बहुतेक मुली तो न लांबवता, जवळजवळ सपाट म्हणतात, आणि खोलीतला हशा थांबतो. मग विचारा, आधी आपण कशाला हसलो? विनोदानं देवलांनी प्रेक्षकाला कुणाच्या बाजूला बसवलं होतं? या प्रश्नाला वीस मिनिटं सहज जातात.

पद नंतर ऐकवा, तीन मिनिटांचं एखादं जुनं ध्वनिमुद्रण. संगीत नाटकात पात्र ऐन प्रसंगात गायला का लागतं, असं मुलं विचारतातच. तेव्हाचा प्रेक्षक गाणं ऐकायलाही येई आणि ‘वन्स मोअर’ मिळाला की पद पुन्हा होई, हे सांगितलं की पुरे. स्त्री भूमिका पुरुष करत, हेही इथेच येऊ द्या. ‘एकच प्याला’तली सिंधू बालगंधर्वांनी केली होती, ही माहिती मुलं विसरत नाहीत.

आता संदर्भ. तो नेहमी प्रवेशानंतर द्या आणि पाच मिनिटांत संपवा. १८९१ च्या कायद्यानं मुलीचं शरीरसंबंधाला संमतीचं वय दहावरून बारा केलं होतं. नाटक त्यानंतर आठ वर्षांनी आलं. १९२९ च्या शारदा कायद्यानं मुलीचं लग्नाचं किमान वय चौदा ठरवलं, १९७८ च्या दुरुस्तीनं ते अठरा झालं. इथं एक चूक अनेक शिक्षक करतात : शारदा कायदा या नाटकावरून पडलेलं नाव नाही. विधेयक मांडणाऱ्या हरबिलास सारडा यांच्या नावावरून ते आलं. योगायोग मोठा गोड आहे, म्हणूनच तो खरा वाटतो.

आजचा संबंध : दोन रकाने

‘या नाटकातून आज काय बोध मिळतो?’ हा प्रश्न विचारला की मुलं परीक्षेतलं उत्तर देतात. हुंडा वाईट, दारू वाईट, आईवडिलांची सेवा करावी. त्याऐवजी पान दुमडून दोन रकाने करायला सांगा. डावीकडे ‘हे अजून तसंच आहे’, उजवीकडे ‘हे आता पटत नाही’. दोन्ही रकान्यांत किमान तीन नोंदी, आणि प्रत्येक नोंदीला संहितेतली एक ओळ किंवा कृती. ओळ नसेल तर नोंद बाद.

उजवा रकाना जास्त मोलाचा. ‘शारदा’त लग्न मोडतं ते वर-वधू सगोत्र निघाल्यामुळे. मुली हमखास विचारतात : म्हणजे गोत्र वेगळं असतं तर चाललं असतं? प्रश्न अचूक आहे. त्याचं समर्थन करायला धावू नका. नाटककारानं समाजाचाच एक नियम दुसऱ्या नियमाविरुद्ध वापरला, ही हुशारी की तडजोड, यावर गटात दोन तट पडू द्या. ‘एकच प्याला’त सिंधू नवऱ्याचा अपराध शेवटपर्यंत झाकते. १९१९ चा प्रेक्षक त्यावर रडला, आजच्या सोळा वर्षांच्या मुलीला संताप येतो. तो संताप नाटकाचं अपयश मानू नका, त्यावर अख्खी बैठक उभी राहते.

त्याच नाटकाचा आणखी एक गैरवापर : व्यसनमुक्तीच्या भाषणासारखं ते मुलांना दाखवणं. सिंधूचा वकील नवरा सुधाकर पहिला प्याला घेतो तो कोर्टात झालेल्या अपमानानंतर. सनद गेलेली, डोकं भणभणलेलं, आणि शेजारी तळीराम. मुलांना दारूबद्दल विचारू नका. विचारा, ‘तळीरामानं नेमकी कोणती वेळ निवडली?’ हा प्रश्न त्यांना स्वतःच्या ओळखीच्या माणसांपर्यंत नेतो.

आणि पात्राच्या हातात मोबाईल देऊन ‘आधुनिक’ प्रवेश लिहून घेणं टाळा. त्यातून बहुधा विडंबन निघतं. रूपांतर करायचंच असेल तर एकच गोष्ट बदला, जागा. संवाद मूळचेच ठेवून तोच प्रवेश शाळेच्या स्टाफरूममध्ये किंवा बसस्टॉपवर करा.

पाचवी आणि सहावी : ‘शांतता! कोर्ट चालू आहे’

सोळा वर्षांखालचा गट असेल तर याऐवजी ‘तो मी नव्हेच’मधला एखादा कोर्टाचा प्रवेश घ्या. सोळाच्या पुढच्या गटासाठी तेंडुलकरांच्या या नाटकाइतकं जवळचं दुसरं सापडणं कठीण. खेड्यात अभिरूप न्यायालयाचा प्रयोग करायला आलेली नाटकमंडळी वेळ घालवायला ‘गंमत’ म्हणून सहकारी लीला बेणारेवर खोटा खटला भरतात. आरोप भ्रूणहत्येचा. हळूहळू खटला खरा होतो. बेणारे ज्यांच्यापासून गरोदर आहे ते प्रा. दामले या प्रकरणात तितकेच गुंतलेले, पण ते आलेलेच नसतात, आणि त्यांच्यावर खटला चालत नाही.

पाचव्या बैठकीत खटला सुरू होईपर्यंतचा भाग. दाराच्या कडीकडे लक्ष वेधा. सुरुवातीला बेणारेचं बोट तिच्यात चेमटतं. नंतर ती बाहेर पडायला जाते तेव्हा तेच दार उघडत नाही. तेंडुलकर शेवटची कोंडी पहिल्या काही मिनिटांत, हसतखेळत, दाराला लावून ठेवतात. मुलांना खरी कडी लावायला लावा, किंवा खुर्चीची पाठ दार समजून. पुढच्या नाटकांत ती आपणहून अशा वस्तू शोधू लागतात.

सहाव्या बैठकीत खटला. प्रत्येकानं वाचता वाचता समासात एकच आडवी रेघ मारायची, जिथं आपल्या मते खेळ संपून छळ सुरू झाला. कुणाला दाखवायची नाही. संपल्यावर पानं जमिनीवर ओळीनं मांडा. रेघा एका जागी कधीच येत नाहीत. काहींच्या अगदी पहिल्या आरोपावर असतात, काहींच्या दोन पानं पुढे. आता लवकर रेघ मारणाऱ्यानं उशिरा मारणाऱ्याला विचारायचं, ‘इथपर्यंत तुला गंमत का वाटली?’ कॉमेंटमध्ये कुणाला तरी घेरणं, वर्गात एखाद्याचं नाव पाडणं, सगळं इथं येतं आणि मुलांच्या तोंडून येतं.

यात धोकेही आहेत. वर्गात आधीच जिला किंवा ज्याला टार्गेट केलं जातं त्या मुलाला बेणारेची भूमिका देऊ नका. ‘ती चांगलं करेल’ असं वाटतं आणि नेमकं तिथंच मूल सोलून निघतं. भूमिका दर चार मिनिटांनी फिरवा. ‘पास’ म्हणायची मुभा प्रत्येकाला, कारण न विचारता. नाटकात गर्भपात आणि आत्महत्येचे उल्लेख आहेत. पालकांना आणि मुलांना ते आदल्या आठवड्यातच सांगा. संपल्यावर सगळ्यांनी उभं राहून आपापलं खरं नाव मोठ्यानं सांगायचं आणि खुर्च्या पूर्वीसारख्या लावायच्या. किरकोळ वाटतं, पण भूमिकेतून बाहेर यायला असं काहीतरी हातानं करावं लागतं. बेणारेचं शेवटचं प्रदीर्घ स्वगत एकपात्री स्पर्धेसाठी पाठ करून घेण्याचा मोह होतो. आजूबाजूची गोठलेली माणसं काढली की ते भाषण उरतं, म्हणून ते गटातच करा.

सातवी : प्रयोग पाहणं

शक्य असेल तर नाट्यगृहात, नाहीतर चांगल्या मुद्रणावर. जायच्या आधी तीनच गोष्टी सांगा : कोण कुणाचं कोण, कोणाला काय हवंय, आणि कोणत्या वस्तूवर नजर ठेवायची. शेवट सांगू नका. तिकिटं पुढच्या आठ रांगांत काढा. बाल्कनीतून नटाचे डोळे दिसत नाहीत, आणि किशोरवयीन मूल डोळे दिसले नाहीत तर पाचव्या मिनिटाला फोन काढतं.

मुद्रण दाखवायचं तर सलग अडीच तास नको. एका अंकानंतर थांबा, आणि जो प्रवेश मुलांनी स्वतः केला आहे तो तिथून सुरू करा. स्वतः म्हटलेली ओळ नट कशी म्हणतो हे पाहताना त्यांचे कान टवकारतात. ‘त्यानं तिथं पॉज घेतला, आपण घेतला नव्हता’ असं कुणी म्हणालं की बैठक वसूल. ‘नटसम्राट’सारख्या नाटकाचा चित्रपटही (२०१६) उपलब्ध आहे, पण तो प्रयोगानंतर. कॅमेरा कुठं पाहायचं ते ठरवून टाकतो. रंगमंचावर अप्पा बेलवलकर बोलत असताना कावेरी काय करतेय, हे प्रेक्षकानं स्वतः निवडून पाहायचं असतं.

भूमिका वाटताना

बोलीभाषा बोलणाऱ्या मुलाला ‘ती फुलराणी’तली (१९७५) मंजुळा ‘तुला जमेल, तुझी भाषा तशीच आहे’ म्हणून देऊ नका. शॉच्या ‘पिग्मॅलियन’वरून पु. ल. देशपांड्यांनी केलेलं हे नाटक नेमकं या वृत्तीवरच आहे. उलट प्रमाण मराठी बोलणाऱ्याला मंजुळा द्या आणि बोलीवाल्याला प्राध्यापक. उच्चार दुरुस्त करण्याची खुर्ची कुणाची, हा प्रश्न तिथं आपोआप उभा राहतो. मुलग्यांनी स्त्री पात्रं वाचायला आणि मुलींनी पुरुष पात्रं वाचायला हरकत नाही, फक्त आवाज बदलायचा नाही. आवाज बदलला की नक्कल सुरू होते.

आठवी : सादरीकरण, आणि परवानगीचा भाग

पंधरा मिनिटांचा एकच प्रवेश, तीस खुर्च्या, रंगमंच नको. वेशभूषेचा आग्रह धरू नका. मागवलेल्या पगड्या आणि मिशा आल्या की तालमीत मिळवलेलं सगळं पगडी सावरण्यात जातं. प्रत्येकाला एकच वस्तू : छत्री, काठी, चष्मा. हातात पान असलं तरी चालेल. पाठांतराच्या भीतीनं तीन आठवडे वाया घालवण्यापेक्षा ते बरं. पाठ केलंच असेल तर बाजूला प्रॉम्प्टिंगला एक जण बसवा, आणि तो नाटक आवडलेला मुलगा असू दे, ‘काम नाही म्हणून’ दिलेला नको.

भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी साहित्य स्वामित्वहक्कातून मोकळं होतं. त्यामुळे देवल (मृत्यू १९१६), गडकरी (१९१९) आणि खाडिलकर (१९४८) यांची नाटकं कुणालाही करता येतात. तेंडुलकर, शिरवाडकर, अत्रे, पु. ल. यांची अजून नाही. शाळा-महाविद्यालयाच्या उपक्रमात विद्यार्थी-शिक्षकांनी केलेल्या आणि फक्त विद्यार्थी, शिक्षक, पालक व संस्थेच्या उपक्रमांशी संबंधित लोकांपुढे झालेल्या प्रयोगाला कायद्यात सूट आहे. तिकीट लावलेल्या जाहीर प्रयोगाला ती सूट मिळत नाही. तिथं हक्कधारकाची लेखी परवानगी लागते, आणि महाराष्ट्रात जाहीर प्रयोगाच्या संहितेला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्रही. मोठ्या मुलांना हे परवानगीपत्र स्वतः लिहायला लावा. सोबत १९०७ च्या ‘कीचकवधा’ची गोष्ट सांगा : खाडिलकरांनी महाभारतातल्या कीचकाआडून लॉर्ड कर्झनवर नेम धरला आणि १९१० मध्ये सरकारनं नाटकावर बंदी घातली. बंदीचा आधार होता १८७६ चा नाट्यप्रयोग कायदा. कुठल्या ओळीला सरकार घाबरलं असेल, हे संहितेत शोधणं हा मुलांना आवडणारा गृहपाठ आहे.

सादरीकरण संपल्यावर, लोक उठायच्या आत, टेबलावर तीन नाटकांची फक्त पहिली पानं ठेवा, नाव आणि लेखक झाकून. मुलांनी उभ्या उभ्या दोन-दोन मिनिटं वाचायची आणि ज्याच्या पुढचं पान हवंय त्यावर पेन्सिलीनं खूण करायची. सगळ्यात जास्त खुणा पडलेल्या नाटकाचं पूर्ण पुस्तक त्याच दिवशी घरी न्यायला द्या.